पोडावरची परकी भाषा : कोलामीची दोन व्याकरणे

भाषाशिक्षणाच्या विद्यापीठीय चर्चेत 'परकी भाषा' ही संज्ञा बहुधा नकाशा पाहून वापरली जाते. जर्मन परकी, जपानी परकी, रशियन परकी, कारण त्या भाषांचे देश दूर. भाषाशास्त्राला हा निकष मानवणारा नाही. जर्मन ही कितीही दुरावलेली असली तरी मराठीच्याच इंडो-युरोपीय कुळातील आहे. उलट यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी, राळेगाव या बाजूंच्या कोलाम पोडांवर बोलली जाणारी कोलामी ही द्राविड कुळाच्या मध्य शाखेची भाषा होय. तिचे सख्खे नाते नायकीशी आणि बस्तरकडील परजीशी आहे. पोडावरून गावात यावयास अर्धा तास पुरतो. पण कुळाच्या हिशेबाने पाहिले तर मराठीपासून बर्लिनपेक्षा हे पोड अधिक दूर आहे. अशी भाषा मराठी भाषकाने शिकावयाची म्हटले तर त्याला काय जड जाते आणि काय सापडते, हा प्रश्न अभ्यासाला घेण्यासारखा आहे. त्यासाठी कोलामीची दोन व्याकरणे शेजारी ठेवून वाचणे उपयुक्त ठरते.

पहिले व्याकरण १९५० साली हैदराबादेत प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते सेतुमाधवराव पगडी. दुसरे कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५५ साली आपल्या भाषाशास्त्रीय ग्रंथमालेत काढले. ते मरे बार्न्सन एमिनो यांचे. पगडींनी नोंदविलेली बोली आदिलाबादची, म्हणजे पैनगंगेपलीकडची. एमिनोंची बोली वर्धा जिल्ह्यातील, म्हणजे वर्धा नदीपलीकडची. या दोन नद्यांच्या मध्ये यवतमाळ जिल्हा आहे आणि महाराष्ट्रातील कोलाम वस्तीचे मुख्य केंद्रही तोच आहे. अशा रीतीने पाच वर्षांच्या अंतराने या भाषेला दोन व्याकरणे लाभली, ती दोन्ही जिल्ह्याच्या कडांवरून. मधला प्रदेश दोन्ही पुस्तकांतून जवळजवळ निसटला.

यापूर्वी १९०६ साली ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या चौथ्या खंडात स्टेन कोनो यांनी कोलामीची नोंद घेतली होती. परंतु त्या पाहणीची रीत ठाऊक असणाऱ्यास तिच्याकडून व्याकरणाची अपेक्षा राहणार नाही. बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे जिल्हा कचेरीमार्फत भाषांतर मागवावयाचे आणि त्यावरून सांगाडा उभा करावयाचा, असा तो उपक्रम होता. वर्गीकरणाला तो पुरला. भाषा शिकण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता.

पगडींचे प्रकरण निराळे आहे. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो शिवकालाचे अभ्यासक, फारसी साधनांचे मराठीकर्ते आणि उर्दू काव्याचे रसिक विवेचक म्हणून. त्यांच्या बहुभाषित्वाचे कौतुक होते तेव्हा फारसी, उर्दू, बंगाली यांची नावे घेतली जातात. गोंडी आणि कोलामी या दोन भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली, ही गोष्ट त्या कौतुकात क्वचितच येते. हे विस्मरण मामुली नाही. ज्या भाषेला दरबार, दफ्तर आणि दिवाण आहे तिचे ज्ञान म्हणजे विद्वत्ता, आणि जिला यांपैकी काहीच नाही तिचे ज्ञान म्हणजे नोकरीतला एक तपशील, अशी प्रतवारी त्यामागे आहे. वस्तुतः फारसी शिकणाऱ्याच्या हाताशी कोश असतात, व्याकरणे असतात, मौलवी असतो. कोलामी शिकणाऱ्यास कोश आणि व्याकरण स्वतःच तयार करावे लागते. निजामी राज्याच्या मुलकी सेवेतील एक मराठी अधिकारी आदिलाबादच्या जंगलात ते करून दाखवितो, हा त्याच्या फारसीहून कमी प्रतीचा पराक्रम मानण्याचे कारण नाही.

या कामाला एक पार्श्वभूमी होती. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीमूचा उठाव गोळीबाराने संपला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांना आदिलाबादेत पाचारण केले. त्यांच्या सल्ल्याने मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. आदिवासींची भाषा अधिकाऱ्याला यावी, हा विचार त्या राज्याला सुचला तो रक्त सांडल्यावर. पगडींची दोन्ही व्याकरणे या वातावरणात घडली. जिज्ञासेइतकीच प्रशासकीय निकड त्यांच्यामागे होती, हे लक्षात घेतल्यावाचून त्यांचे मूल्यमापन होणार नाही.

एमिनो कॅनडातील नोव्हास्कोशियाचे. जन्म १९०४, निधन २००५. येल विद्यापीठात संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक शिकलेला, पुढे सपीर यांच्या सहवासात क्षेत्रभाषाशास्त्राकडे वळलेला हा अभ्यासक १९३५ ते १९३८ या काळात भारतात होता. तोडा, कोटा, कोडगू आणि कोलामी यांची सामग्री त्यांनी त्या वर्षांत जमविली. कोलामीचे पुस्तक प्रसिद्ध होण्यास पुढे सुमारे सतरा वर्षे लागली. ध्वनिविचाराच्या काटेकोरपणात ते वरचढ आहे, यात शंका नाही. व्याकरण, मूळ संहिता आणि व्युत्पत्तीसह शब्दसंग्रह अशी त्याची रचना तुलनात्मक अभ्यासाला सोयीची आहे. पुढे बरो आणि एमिनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात (पहिली आवृत्ती १९६१, दुसरी १९८४) कोलामी शब्दांची जी दाटी दिसते तिचा पाया येथे आहे. त्याच कोशात पगडींकडून घेतलेली रूपे त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनिशी निराळी दाखविली आहेत. कोशकारांनी त्यांची साक्ष स्वतंत्र मानली, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. मराठीत ज्या कामाची आठवण राहिली नाही, ते बर्कलीत आणि ऑक्सफर्डमध्ये रोज हाताळले जात होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. हीच भाषा इंग्रजीभाषक विद्वान शिकतो आणि मराठीभाषक शिकतो; दोघांच्या वाटा कोठे फुटतात?

संख्यावाचकांचे उदाहरण घ्यावे. कोलामीत 'दोन' या एका कल्पनेसाठी तीन शब्द आहेत : पुरुष असतील तर 'इद्दर', स्त्रिया असतील तर 'ईरल', वस्तू किंवा जनावरे असतील तर 'इंदिंग'. 'तीन'साठीही तसेच 'मुग्गुर', 'मुयल', 'मूंदिंग'. इंग्रजीभाषकाला हे सारे नवे असते. एका 'टू'च्या जागी त्याला तीन शब्द पाठ करावे लागतात आणि प्रत्येक वेळी मोजल्या जाणाऱ्यांकडे पाहून निवडावे लागतात. मराठीभाषकाने मात्र क्षणभर थांबून आपल्याच बोलण्याकडे पाहिले की पुरे. दोघे, दोघी, दोन; तिघे, तिघी, तीन; चौघे, चौघी, चार. वाटणी तीच. त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. मराठीची ही त्रिविध मालिका चारापाशी थांबते. पाचासाठी असे रूप नाही, 'पाचजण' म्हणून निभावून न्यावे लागते. कोलामीचे स्वतःचे अंकही चारापाशीच संपतात. त्यापुढचे तिने तेलुगूकडून उसने घेतले. एका भाषेने दुसरीकडून हे उचलले असे या साम्यावरून म्हणता येणार नाही. मराठीची रूपे आर्यभाषांच्या सामग्रीतून घडली आहेत आणि त्यांची उपपत्ती निराळी द्यावी लागेल. परंतु शिकणाऱ्याच्या दृष्टीने उपपत्ती गौण आहे. मराठी व्याकरणात 'दोघे' हा शब्द कोपऱ्यातल्या अपवादासारखा पडून असतो. कोलामी शिकताना तो एकाएकी व्यवस्थेचा भाग म्हणून दिसू लागतो. परभाषा शिकण्याचा जो आनंद सांगितला जातो, त्याचा बराच मोठा वाटा या प्रकारचा असावा.

सर्वनामांत असेच घडते. ऐकणाऱ्यास वगळून 'आम्ही' म्हणावयाचे तर कोलामीत 'आम', त्याला सामील करून 'आपण' म्हणावयाचे तर 'नेंड'. युरोपीय अभ्यासकाला या भेदाची व्याख्या द्यावी लागते, उदाहरणे द्यावी लागतात. यवतमाळच्या बाजारात भाजी घेणाऱ्या कोणाही बाईला हा भेद चुकणार नाही. 'आम्ही उद्या येऊ' आणि 'आपण उद्या येऊ' यांत कोण घरी राहणार, हे तिला ठाऊक असते. भाषाशास्त्रज्ञ मराठीतील या भेदाचा संबंध द्राविड संपर्काशी जोडतात. एमिनोंनी स्वतः १९५६ साली भारत हे एक भाषाक्षेत्र असल्याची जी मांडणी केली, ती कुळे भिन्न असूनही शेजारधर्माने समान झालेल्या अशाच लकबींवर उभी आहे. 'मला मराठी येते' या वाक्याची घडणही त्यातलीच. जर्मन किंवा इंग्रज माणूस भाषा 'जाणतो', 'बोलतो'. मराठी माणसाला ती 'येते', आणि तो स्वतः चतुर्थीत उभा राहून तिची वाट पाहतो. द्राविड भाषांतही ही चतुर्थी परिचयाची आहे.

यावरून कोलामी मराठी माणसाला सोपी जाईल असा समज झाल्यास तो फार काळ टिकणार नाही. शेजारधर्माने वाक्याच्या बांधणीत साम्य आले आहे. उच्चारात आणि क्रियापदाच्या अन्वयात तितके नाही. मराठी बोलणाऱ्याचा कान ह्रस्वदीर्घाच्या बाबतीत आळशी असतो. इकार-उकारांचे दीर्घत्व मराठीत बव्हंशी शब्दातील स्थानावरून ठरते, त्यामुळे ते ऐकण्याची त्याला गरजच पडत नाही. एकार-ओकारांत तर असा भेदच नाही. कोलामीत पाचही स्वर ह्रस्व आणि दीर्घ असे दोन्ही आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. देवनागरी येथे मदतीला येत नाही, उलट फसविते. 'ए' आणि 'ओ' यांच्यासाठी तिच्याकडे एकेकच खूण आहे. ज्या कानाने भेद ऐकला नाही त्याला लिपीनेही तो दाखविला नाही, म्हणजे चूक पक्की झाली. एमिनोंनी दीर्घ स्वरापुढे वर एक बिंदू ठेवला. ही खूण दिसावयास रुक्ष असली तरी मराठी वाचकाला ती इंग्रजी वाचकापेक्षा अधिक आवश्यक आहे.

या अडचणीवर एक सुंदर उपाय खुद्द भाषेतच आहे. मराठीत 'पाणीबिणी', 'पैसाबिसा' असे अनुकरणवाचक जोडशब्द होतात. आद्य अक्षराच्या जागी 'बि' येतो. कोलामीत 'गि' येतो. 'पल' म्हणजे दात, त्याचे 'पल-गिल'. 'कोता' म्हणजे आण, त्याचे 'कोता-गिता'. 'ईर' म्हणजे पाणी, त्याचे 'ईर-गीर'. 'मासुर' म्हणजे माणसे, त्याचे 'मासुर-गीसुर'. 'सा' म्हणजे जा, त्याचे 'सा-गी'. या ओळी पुन्हा वाचल्या म्हणजे नियम ध्यानात येतो : मूळ शब्दाचा पहिला स्वर ह्रस्व असेल तर 'गि', दीर्घ असेल तर 'गी'. स्वर कोणताही असो, त्याची लांबी जोडशब्दात जशीच्या तशी उतरते. 'कोता' या देवनागरी रूपात ओकार ह्रस्व आहे हे दिसत नाही; 'गिता'मध्ये मात्र ते उघड होते. शिकणाऱ्याने शब्दाची लांबी नीट ऐकली की नाही याची परीक्षा घ्यावयाची असेल तर त्याला जोडशब्द करावयास सांगावे. ही सामग्री एमिनोंच्या पुस्तकातून निघून पुनरुक्तीविषयीच्या सैद्धान्तिक चर्चेत पोचली आणि तेथे तिच्यावर बराच ऊहापोह झाला. अध्यापनाचे साधन म्हणून तिचा उपयोग मात्र पोडाजवळच्या शाळेत अधिक आहे.

दुसरा एक प्रसिद्ध नियम मराठी कानाला हटकून चुकविणारा आहे. 'हालणे' या अर्थाच्या धातूची आज्ञार्थी 'मेलेग', भूतकाळी 'मेलेगतन', पण वर्तमानकाळी 'मेल्गतुन' अशी रूपे होतात. 'तोडणे' या अर्थी तशीच 'किनिक', 'किनिकतन', 'किन्कतुन'. मराठी माणसाला हे ओळखीचे वाटते : माणूस–माणसाला, कापूस–कापसाचा, बेडूक–बेडकाला. मधला स्वर पुढे प्रत्यय आला की गळतो किंवा क्षीण होतो, असे तो तत्काळ सांगून टाकील. पण 'मेलेग'मध्ये मधला स्वर एकार का, आणि 'किनिक'मध्ये इकार का? तो दरवेळी मागच्या स्वराची नक्कल असतो. म्हणजे धातू मुळात 'मेल्ग्', 'किन्क्' असे जोडव्यंजनान्त आहेत. पुढे स्वर नसेल तेव्हा उच्चारासाठी मध्ये एक स्वर घातला जातो आणि तो शेजाऱ्याचा रंग घेतो. मराठी व्यवस्थेत स्वर जातो, कोलामीत येतो. वरवर दोन्ही सारखेच दिसते. परक्या भाषेत जे अगदी अनोळखी असते तेथे शिकणारा सावध असतो. खरी फसगत अशा ओळखीच्या जागी होते. (हेही उदाहरण अमेरिकन पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे अभ्यासाला आहे. विदर्भातील भाषाशास्त्राचे विद्यार्थी ते तेथूनच शिकतात.)

लिंगव्यवस्था आणि अन्वय यांविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. कोलामीत एकवचनी 'तो' म्हणजे 'अम्द', आणि 'ती' व 'ते' या दोहोंसाठी एकच 'अद'. अनेकवचनात पुरुषांसाठी 'अव्र', बाकी सर्वांसाठी 'अदव'. क्रियापद नेहमी कर्त्यामागे जाते. मराठीत 'मी भाकर खाल्ली' म्हणताना क्रियापद भाकरीकडे पाहते, ही सवय मराठी माणसाला सोडावी लागते. सोडणे हे शिकण्याहून सोपे असल्यामुळे तो ते करू शकतो.

परंतु ही वाट उलट दिशेने चालावी लागली तर? आणि ती प्रत्यक्षात उलट दिशेनेच चालली जाते. व्याकरण लिहिण्यासाठी कोलामी शिकणारे दोघेतिघे; मराठी शिकणारे कोलाम मूल प्रत्येक पोडावर. सहाव्या वर्षी ते शाळेत येते तेव्हा त्याला सोडावयाचे काही नसते, सारे धरावयाचे असते. स्त्री आणि वस्तू यांना एकच सर्वनाम वापरणाऱ्या मुलाने 'ती' आणि 'ते' वेगळे करावयाचे, निर्जीव भाकरीला स्त्रीलिंगी आणि दगडाला पुल्लिंगी मानावयाचे, आणि त्यावर कडी म्हणजे भूतकाळात क्रियापद कर्त्याकडून काढून कर्माकडे न्यावयाचे. शिवाय त्याला मराठी एक नव्हे, दोन शिकावयाच्या असतात. आठवडी बाजारात 'मले' आणि 'डोया' ऐकू येते, पुस्तकात 'मला' आणि 'डोळा' छापलेले असते. वऱ्हाडी मुलालाही पुस्तकी मराठी शिकावी लागते. कोलाम मुलाला वऱ्हाडीच्या आधारावाचून ती शिकावी लागते. 'बाई आला' असे त्याने म्हटले तर वर्गात हसू होईल, आणि शिक्षक ती अडाणीपणाची चूक समजेल. ती वस्तुतः एका नियमबद्ध व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जातानाची चूक आहे. जर्मन शिकणाऱ्या मराठी पदवीधराने लिंग चुकविले तर त्याला कोणी अडाणी म्हणत नाही. जर्मनची लिंगेच अवघड, असे म्हटले जाते.

या निकषावर दोन्ही व्याकरणांची उणीव सारखीच ठरते. दोन्ही इंग्रजीत आहेत. एमिनोंचे पुस्तक तुलनात्मक भाषाशास्त्रासाठी लिहिलेले आहे. त्यात पाठांचा क्रम नाही, आणि ते वाचून कोणाला पोडावर जाऊन ख्यालीखुशाली विचारता येईल अशी अपेक्षाही त्याने ठेवलेली नाही. त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांचा वाचक निराळा होता. पगडींविषयी मात्र हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. 'दोघे' आणि 'इद्दर', 'आपण' आणि 'नेंड', 'पाणीबिणी' आणि 'ईर-गीर' ही जोडी समोरासमोर मांडण्याची पात्रता त्या पिढीत बहुधा त्यांच्याइतकी कोणाकडे नव्हती. मराठीतून कोलामीकडे पाहणारे व्याकरण त्यांच्या हातून झाले असते तर ते एमिनोंच्या पुस्तकाची नक्कल झाले नसते. एमिनोंना जे दिसणे शक्य नव्हते ते त्यात आले असते. मराठीचे व्याकरण परक्यांनी लिहिल्याची परंपरा जुनी आहे. स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण १६४० साली छापले गेले, केरीचे मराठीचे १८०५ साली, मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे. मराठी माणसाने परक्याच्या जागी बसून शेजाऱ्याची भाषा मराठीत मांडल्याची परंपरा त्या मानाने फार क्षीण आहे.

२०११च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे देशभरात सव्वा लाखाच्या थोडे पुढे होते. आदिलाबादची बोली, वर्ध्याची बोली आणि नंतर नोंदविली गेलेली नांदेड जिल्ह्यातील किनवटची बोली यांच्यात शब्द आणि रूपे बदलतात. कोणते रूप कोठवर चालते याच्या सीमारेषा यवतमाळच्या पोडांतूनच जात असल्या पाहिजेत. चारापुढचे अंक हे त्यासाठी चांगले साधन आहे. पैनगंगेकाठी तेलुगूचे 'पाच' कोठपर्यंत टिकते, मराठीचे कोठे सुरू होते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी 'इद्दर' असताना नातवंडांच्या तोंडी तेच आहे की 'दोघे' आले आहे, हे पोडापोडांवर बसून, माणसे, बायका आणि बैल मोजून घेत विचारावे लागेल. एवढ्या पाहणीला दोन विद्यार्थी आणि एक उन्हाळा पुरेल. मात्र त्या दोघांना आधी कोलामी यावयास हवी.